पानाफुलांचं दार

“या खेपेला मालसुकच्या खोलीच्या दाराला कागद तू लाव,” असं सासूबाई म्हणाल्या, तेव्हा ओक्जू विहिरीपाशी मुळे धूत बसली होती आणि पाठीला बांधलेलं बाळ तिच्या अंबाड्यातून सुटलेली बट चघळत होतं. ती इतकी दचकली की धुतलेले मुळे परत चिखलात गेले.

“मी?”

“नाही तर कोण, मी? सुईत दोरा ओवायचा तर नातीला हाका माराव्या लागतात मला. कडीजवळ पानंफुलं बसवायची म्हणजे डोळे हवेत.” सासूबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. “लग्नघरचं दार आहे. गाव बघेल, जावई बघेल. एवढं डोक्यात ठेव म्हणजे झालं. आणि ते मुळे परत धू.”

मुळे परत धुताना ओक्जू एकटीच हसत होती. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून एका शब्दाची वाट बघत होती. शब्द काही फार मोठा नव्हता. ‘बरं झालंय’ एवढाच. तो ऐकायला मिळेल म्हणून तिने भात करून बघितला होता, किमची घालून बघितली होती, रजया शिवून बघितल्या होत्या. भाताला सासूबाई म्हणाल्या होत्या, “ही पेज आहे का? नाही, विचारलं आपलं.” किमचीला म्हणाल्या होत्या, “समुद्र आटवलास वाटतं.” रजईच्या शिवणीकडे बघून काहीच म्हणाल्या नव्हत्या. नुसती शिवण उसवली होती. आणि पंचाईत अशी की ओक्जूला मनातल्या मनात सासूबाईंचं पटायचं. भात खरंच गिचका व्हायचा. किमची खाऊन ती स्वतः तांब्याभर पाणी प्यायची.

पण पानंफुलं तिला कळायची. निदान तिची तशी समजूत होती. माहेरी योंगजूला दरवर्षी थंडीच्या तोंडावर लाकडी जाळीच्या दारांवरचे कागद बदलले जायचे, तेव्हा आई खळ लावायची आणि कडीजवळ, जिथे हात लागून लागून कागद फाटतो तिथे, दोन कागदांच्या मध्ये पानंफुलं मांडायचं काम ओक्जूचं. येणारेजाणारे दारापाशी थांबून बघायचे. त्यातल्या एक बाई खरं तर रस्ता विचारायला थांबल्या होत्या, पण थांबल्या होत्या आणि त्यांनी बघितलंही होतं.

“मालसुक,” मुळ्यांची टोपली नणंदेपुढे आपटत ओक्जू म्हणाली, “तुझ्या खोलीचं दार असं करते बघ, की तुझा नवरा तुझ्याकडे बघायचं विसरेल.”

“मग नको, वहिनी,” मालसुक म्हणाली. “साधंच करा.”

लग्नाला अजून अवकाश होता. सोबेकचा डोंगर वरच्या अंगाला पिवळा पडायला लागला होता आणि रंग रोज थोडाथोडा खाली उतरत होता, कुणी तरी वरून रजई ओढून घ्यावी तसा. अंगणात, सोया आणि तिखटाच्या रांजणांच्या कट्ट्याभोवती सासूबाईंची बाग होती. कोंबड्याचे मखमली तुरे, उशिराचा तेरडा, कुंपणालगत गुलाबी-पांढरं कॉसमॉस आणि कट्ट्याच्या उन्हाच्या बाजूला शेवंती. या दिवसांत बागेत जायला ओक्जूला कारण लागत नसे. लागलंच तर ती सोया काढायला जाई आणि सोयाची वाटी तिथेच विसरून तेरडा घेऊन येई.

कुठलीही शहाणी बाई अशा कामाला एक दुपार देते. कोरड्या उन्हात मूठभर फुलं खुडायची, चारसहा पानं वेचायची, कपडे बडवायच्या दगडाखाली दाबून ठेवायची, की संपलं. पण ओक्जूची अडचण वेगळी होती. फुलाला थंडी नको आणि पानाला थंडी हवी. विहिरीजवळचा मेपल अजून निम्मा हिरवा होता. रात्री जितक्या गार, तितका तो पेटत जाणार. पण ज्या रात्री तो पुरता पेटेल, त्याच रात्री हिव पडून कॉसमॉस जाणार. तिला दोन्ही हवं होतं. लग्नाच्या पंगतीत एकाच वेळी शेवया आणि भात दोन्ही वाडग्यांत घेणाऱ्या माणसांना ती हसायची, ते आठवून तिला आता स्वतःचंच हसू यायचं. म्हणून हात आवरायचा, तर तेही नाही.

मग ती रोज ‘नुसती हाताशी असावीत म्हणून’ थोडीथोडी वेचायला लागली. बाळ पाठीवर झोपलं की निघायची. ओढ्यावर धुणं घेऊन जायची आणि परडीत धुण्यावर पानं घालून आणायची. एकदा नवऱ्याचा पायमोजा ओढ्यातच राहिला. सुमाकच्या झुडपाची तांबडी पानं मात्र एकही हरवली नाही. चार वर्षांची थोरली लेक मिरान तिच्यामागे परकराचा घोळ पसरून चालायची आणि त्यात दिसेल ते भरायची. पानं, दगड, एकदा एक मेलेला टोळ. तो चांगला पोपटी होता, म्हणून ओक्जूने त्यावरही घटकाभर विचार केला.

बडवायच्या दगडाखालची जागा लवकरच संपली. मग तांदळाच्या पेटीखाली, मग कपाटाखाली, मग अंथरुणांखाली.

“मिरानच्या आई,” एका रात्री तिचा नवरा तेशिक कुशीवर वळता वळता थबकला. “माझ्याखाली काय कुरकुरतंय?”

“हलू नका. मेपल आहे.”

“मी माझ्या अंथरुणात वळू का नको?”

“डावीकडे वळा. उजवीकडे शेवंती आहे.”

“दार केवढंसं आहे,” तेशिक छताकडे बघत म्हणाला, “आणि मी केवढा आहे. निदान माझ्याएवढा तरी विचार कर.” मग तो डावीकडे वळला. त्याच्या पाठीची ऊब लागून पानं छान सपाट झाली, हे सकाळी ओक्जूने त्याला सांगितलंही. त्याला ते कौतुक वाटलं नाही.

शेजारची येचनवाली कुंपणावरून सगळं बघत होती. तिच्या नजरेतून गावातलं काही सुटत नसे, आणि तिच्या तोंडातूनही. “अगं योंगजूवाली,” ती ओरडली, “दार करतेयस का गोठा शाकारतेयस? एवढ्या पाल्यात आमचा बैल पोसला असता!”

“तुमच्या बैलाला रंगातलं काय कळतंय?”

“तुझ्याइतपत कळतं त्याला. तोही दिसेल ते तोंडात घालतो.”

एक दिवस दुपारनंतर वारा पडला आणि आभाळ घासलेल्या पितळी भांड्यासारखं लख्ख झालं. सासूबाईंनी अंगणाच्या मध्यभागी उभं राहून हवा हुंगली. “आज हिव पडणार,” त्या म्हणाल्या. “कोबीवर गवत टाका. आणि मिरानच्या आई, फुलं हवीत तेवढी आताच खुड. उद्या नुसती भाजी उरेल.”

ओक्जू कॉसमॉसपाशी गेली. संध्याकाळच्या उन्हात ती फुलं अशी उभी होती की हात लावायचं धैर्य होईना. पातळ पाकळ्यांतून ऊन आरपार जात होतं. आत्ता खुडली तर ही उभी असलेली दिसणार नाहीत, आणि नाही खुडली तर उद्या कुठलीच दिसणार नाहीत, हे तिला कळत होतं. पण बाळ रडायला लागलं, मिरान म्हणाली, “आई, या फुलांना झोप आलीये”, आणि ओक्जूने स्वतःची समजूत घातली की सासूबाईंचं नाक काही दरवर्षी खरं बोलत नाही. तिने तीनचार फुलं खुडली आणि बाकीची उद्यावर टाकली. घरात येताना तर तिने कॉसमॉसकडे वळून मान हलवली, जणू त्यांच्यात काही ठरलंच होतं.

सकाळी दार उघडलं तर अंगण पांढरं झालं होतं. गवताच्या पात्यापात्याला, रांजणांच्या झाकणांना, कोबीवरच्या पेंढ्याला साखर फासल्यासारखी. कुंपणालगतचं कॉसमॉस उकडलेल्या पालकासारखं माना टाकून लोंबत होतं. तेरडा काळा पडून चिकट झाला होता. कोंबड्याचे तुरे कसेबसे उभे होते, रात्रभर पिऊन घरी परतलेल्या पाहुण्यांसारखे.

“आई, फुलांना काय झालं?” मिरानने विचारलं.

“तुझी आई हावरी आहे ना, ते झालं.”

पण त्याच वेळी सूर्य कड्यावरून वर आला आणि विहिरीजवळचा मेपल पेटला. एकूण एक पान तांबडं, कडेला हिवाची पांढरी किनार. आणि शेवंती, जिची ओक्जूला जरासुद्धा काळजी नव्हती, ती आपली जशीच्या तशी, पाकळ्यांवर बर्फाचा चुरा घेऊन, अगदी मजेत. हिव वितळायला लागलं तसे थेंब एकेक करून खाली पडायला लागले. एक मेपलचं पान वाऱ्याशिवाय सुटलं, थेट तिच्या पायाशी आलं. ओक्जू अनवाणीच उभी होती. पाय बधिर झालेत हे तिला कळलं नाही. पाठीवरचं बाळ जागं होऊन हात नाचवत होतं तेही कळलं नाही. मिरानला तिने उचलून घेतलं होतं आणि त्या तिघांच्या तोंडातून वाफ निघत होती. अजून थोडा वेळ असंच उभं राहायला मिळालं तर आपण जन्मात काही मागणार नाही, असं तिला वाटलं.

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, “भात करपला!”

एवढी वर्षं गिचका होणारा भात त्या दिवशी पहिल्यांदा कोरडा झाला होता. फक्त तळाशी काळा होता.

कागद लावायच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. तेशिकने दार बिजागऱ्यांवरून काढून अंगणात आडवं ठेवलं. ओक्जूने आणि मालसुकने पाणी मारून जुना कागद सोलून काढला, लाकडी जाळी घासून पुसून कोरडी केली, पिठाची खळ शिजवली. मग तुतीच्या सालीचा पांढरा, जाडसर कागद जाळीवर ताणून बसवला. इथवर सगळं शहाण्या बायकांसारखं चाललं होतं. मग ओक्जूने दाबलेली पानंफुलं बाहेर काढायला सुरुवात केली. दगडाखालून, पेटीखालून, कपाटाखालून, अंथरुणांखालून. ओसरी भरली.

“वहिनी,” मालसुक हळूच म्हणाली, “हे कडीजवळच लावतात ना? तळहाताएवढं?”

ओक्जूने तळहाताएवढ्या जागेकडे बघितलं आणि ओसरीकडे बघितलं. त्यातलं कुठलं वगळायचं? गिंकोचं हे पंख्यासारखं पिवळं पान, ज्याच्यासाठी ती देवळाच्या चढावर बाळासकट घसरली होती? तेशिकच्या पाठीने सपाट केलेला मेपल? ते तीनचार कॉसमॉस, जे वाचले ते केवळ चुकून? मिरानने आणलेलं भोक पडलेलं पान, जे मिरानच्या मते सगळ्यांत चांगलं होतं कारण त्यातून बघता यायचं?

“तुझं लग्न एकदाच होणार,” ओक्जू म्हणाली.

आणि तिने दारभर पानं मांडली. कडीपासून सुरुवात करून वर, मग खाली, मग कडेकडेने. दुपार होईपर्यंत दाराची बाग झाली होती आणि तिची मान अवघडली होती. पानांवर दुसरा कागद लावायलाच हवा, नाही तर ती गळणार. म्हणून दारभर दुसरा कागद लागला. त्यासाठी लग्नाची मिठाई गुंडाळायला ठेवलेल्या कागदातला निम्मा गेला. मग सगळ्यांनी तोंडात पाणी भरून दारावर फवारलं, म्हणजे वाळताना कागद ताणून बसतो. मिरानचं निम्मं पाणी तिच्याच छातीवर पडलं आणि उरलेलं मालसुकच्या कानात.

मालसुक कान पुसता पुसता थांबली. “वहिनी, सगळ्या जणी येतील ना हो त्या रात्री? दाराच्या कागदाला भोकं पाडून आत डोकवायला?”

“येणारच. माझ्या वेळी तर चाळण केली होती. मिरानचे बाबा सकाळपर्यंत शिंकत होते, एवढा वारा आत आला.”

“मी डोळे मिटून बसेन,” मालसुक म्हणाली. तिने गुडघ्यांत तोंड घातलं. तेरड्याने रंगवलेली नखं तेवढी बाहेर दिसत होती. “मोठ्या आत्याचा डोळा भोकातून दिसला ना, तर मी मरेन.”

ओक्जूने तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण लक्ष दाराकडे होतं. एक गिंको थोडा तिरका बसला होता.

दार वाळलं. टिचकी मारली तर ढोलासारखं वाजलं. बिजागऱ्यांवर चढवल्यावर सासूबाई बघायला आल्या. ढगाळ संध्याकाळ होती, बाहेरून पांढरा कागद आणि त्याच्या पोटात काही तरी मळकट डागांसारखं दिसत होतं. आत जाऊन बघितलं तरी तेच.

“हं,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी बोटाने टिचकी मारून बघितली. “जाड झालंय.”

आणि त्या वड्यांसाठी तांदूळ कुटायला निघून गेल्या.

ओक्जूने ते ‘हं’ रात्रभर उलटसुलट करून बघितलं. भाताच्या वेळचं ‘हं’ वेगळं होतं, ते खाली पडायचं. हे जरासं वर जाऊन थांबलं होतं. किंवा सासूबाईंना ठसका लागत होता. “अहो,” तिने नवऱ्याला हलवलं, “आई ‘हं’ म्हणाल्या, ते कसं वाटलं तुम्हाला?” तेशिक मोकळ्या अंथरुणावर पहिल्यांदाच हातपाय पसरून झोपला होता. तो म्हणाला, “उजवीकडे वळू का आता?” आणि वळला.

लग्न झालं. नवरामुलगा टेकडीपलीकडच्या गावचा, लाजाळू, नवरीच्या घरी द्यायचं शकुनाचं लाकडी बदक हातात धरून असा चालत होता की ते जिवंत असून निसटेल. मालसुकने खाली घातलेली मान वर केली नाही. अंगणात शेवया, डुकराचं मटण, तांदळाची दारू, आरडाओरडा. आभाळ दिवसभर बंदच होतं. दिवेलागण झाली, पहिली रात्र रिवाजाप्रमाणे नवरीच्या माहेरीच, म्हणून नवरानवरीला मालसुकच्या खोलीत बसवून दार लावलं आणि आत मेणबत्ती पेटली. त्या उजेडात दारावरची पानं बाहेरून काळी दिसायला लागली.

“अगं बाई!” येचनवाली म्हणाली. “ही काय वटवाघळं टांगलीस दाराला?”

सगळ्या बायका हसल्या. ओक्जूही हसली, कारण खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. वटवाघळंच दिसत होती. तिच्या सगळ्यांत लाडक्या पाच टोकांच्या मेपलला तर पंख, कान सगळं होतं.

मोठ्या आत्या पुढे सरसावल्या. सासऱ्यांच्या थोरल्या बहीण त्या, वयाने सगळ्यांत मोठ्या आणि भोकं पाडण्यात गावात पहिल्या. त्यांनी बोट जिभेला लावून ओलं केलं, जाळीच्या चौकटीतून कागदाला लावलं आणि हलकेच दाबलं. मग जोरात दाबलं.

“काय हो आत्या?” मागून कुणी तरी विचारलं.

“जाईना.”

“थुंकी कमी पडली असेल.”

“थुंकून थुंकून तोंड कोरडं पडलं माझं! बोट मोडायची वेळ आली.” आत्यांनी दुसरं बोट काढलं. येचनवालीने अंगठा लावून बघितला. एक चौकट सोडून दुसरीकडे, वर, खाली, बसून, उभं राहून. “हे दार आहे का किल्ल्याची भिंत? अगं, दोन-दोन कागद आहेत इथे! इथेही! सगळीकडेच!”

आत मेणबत्ती विझली. कुणाला तरी आत हुश्श केल्यासारखं ऐकू आलं, पण बाहेरच्या गोंधळात नक्की काही सांगता येत नव्हतं. आत्यांनी अंबाड्यातली चांदीची सळई उपसली.

“खबरदार!” ओसरीच्या टोकाकडून सासूबाई धावत आल्या आणि त्यांनी आत्यांचं मनगट धरलं. “कागद महाग आहे!”

“अगं, पण गंमत काय मग लग्नाची?”

“माझ्या लेकीला लाज वाटते. म्हणून मी मुद्दामच दारभर दुहेरी कागद लावून घेतला,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी असा चेहरा केला होता की जणू महिन्यापूर्वीपासून हेच त्यांच्या मनात होतं. “सुनेला मीच सांगितलं. जा आता, शेवया गार होतायत.”

बायका कुरकुरत, बोटं चोळत परतल्या. ओक्जू रिकाम्या वाडग्यांचा ढीग हातात घेऊन तशीच उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातून असं काही झालं होतं की सासूबाईंना ते आपलं म्हणावंसं वाटलं. आणि ते का झालं? तर तिला पानं टाकवेनात म्हणून. मालसुकची लाज तिच्या डोक्यातसुद्धा आली नव्हती. तिच्या डोक्यात गिंको होता, तिरका. हे कुणाला सांगावं तर हसं होणार, न सांगावं तर पोटात दुखणार. तिने वाडगे विसळले आणि पोटातलं दुखणं सोसलं.

सकाळी आभाळ मोकळं झालं होतं आणि पुन्हा हिव पडलं होतं. घरातले सगळे उठले, चुली पेटल्या, जावयासाठी मटणाचं सूप उकळून उकळून निम्मं झालं. मालसुकच्या खोलीचं दार काही उघडेना. कोंबडे ओरडून थकले. मोठ्या आत्या ओसरीत बसून खिदळत होत्या. “रात्र मोठी झालीये यांची!”

सासूबाई दारापाशी जाऊन खोकल्या. पुन्हा खोकल्या. मग आतून मालसुकचा झोपाळलेला, घाबरलेला आवाज आला, “आई, सकाळ झाली का? इथे तर अंधार आहे!”

ओसरीवर हशा पिकला. दोन कागद आणि मध्ये पानांचा थर. डोंगराआडच्या सकाळने त्या खोलीत पाऊल टाकायचं तरी कुठून?

“बघा!” सासूबाई कपाळावर हात मारून घेत म्हणाल्या. “जावयाला पहिल्याच दिवशी आळशी ठरवलं या दाराने.”

“पण काय गं,” आत्या गोडपणे म्हणाल्या, “काल तर तूच मुद्दाम लावून घेतलं होतंस ना?”

“मी? मी म्हटलं, कडीजवळ लाव. हिने जंगल लावलं!”

ओक्जूने मान खाली घातली आणि हसू दाबायला बाळाच्या पायाला गुदगुल्या केल्या. काल रात्री सासूबाईंनी आपलं म्हटलेलं काम सकाळी परत तिच्या नावावर आलं होतं. तिला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण ते आपल्याच घरी परत आल्यासारखं वाटलं.

नवरानवरी लाजत बाहेर आली, तोंड धुतलं, जेवायला बसली. जावई दोनदा म्हणाला की त्याला एवढी शांत झोप घरीसुद्धा लागत नाही. ते ऐकून मालसुक सूपाच्या वाडग्यात जवळजवळ बुडाली. पण मध्येच तिने डोळे वर करून ओक्जूकडे बघितलं, एकच क्षण. त्या बघण्यात इतकं काही होतं की ओक्जूला स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण चूल फुंकावी लागली.

जेवणं चालू असताना सासूबाई अंथरुणं आवरायला मालसुकच्या खोलीत गेल्या आणि मागे दार ओढून घेतलं.

त्याच वेळी सूर्य कड्यावर आला. इतक्या दिवसांच्या ढगांनंतर ऊन थेट त्या दारावर पडलं. बाहेरून कागद नुसता लख्ख पांढरा दिसत होता. पानांचा मागमूस नाही. म्हणजे सगळा रंग आत गेला होता, जमिनीवर, भिंतींवर, रजयांवर. ओक्जू भांडी टाकून दारापाशी आली. तिला हे आजवर सुचलंच नव्हतं. दार आपण बाहेरच्या लोकांसाठी सजवलं आणि ते दिसतं फक्त आतल्या माणसाला.

आतून काही आवाज येईना. अंथरुणं आवरायला एवढा वेळ लागत नाही. सासूबाई तर एका हाताने रजई घडी घालतात आणि दुसऱ्याने मिरानला झापतात. आत बसून त्या दाराकडे बघत होत्या का? की लेक परवा जाणार म्हणून तिच्या उशीवर हात ठेवून बसल्या होत्या? की काय डाग पडलेत ते मोजत होत्या? ओक्जूने कान लावला. काही नाही. जरासं नाक ओढल्यासारखं, पण तो थंडीचाही आवाज असू शकतो.

तिला फक्त चेहरा बघायचा होता. एक क्षण. एवढ्या वर्षांत एकदा.

तिने इकडेतिकडे बघितलं. येचनवाली कुंपणापाशी नव्हती. तेशिक जावयाला दारू वाढत होता. तिने बोट जिभेला लावलं, चांगलं ओलं केलं, जाळीच्या चौकटीतून कागदाला लावलं आणि दाबलं.

जाईना. पुन्हा ओलं केलं, पुन्हा दाबलं. कागद जरासुद्धा हलला नाही. खळ तिने स्वतः शिजवली होती. या घरात तिची एवढीच गोष्ट पातळ झाली नव्हती.

“आई काय करतेय?” मिरानने ओसरीवरून मोठ्याने विचारलं. पाठीवरचं बाळ हसलं. ओक्जूने तोंडावर बोट ठेवून तिला गप्प केलं, तेच ओलं बोट, आणि दुसरी चौकट शोधली. खालच्या कोपऱ्यात कदाचित पान नसेल. तिथेही होतं. ते भोक पडलेलं, पण त्याच्या मागे पुढे कागद.

“मिरानच्या आई,” दाराच्या आतून सासूबाईंचा आवाज आला.

ओक्जू थिजली. “हो, आई?”

“तू तिथे उभी आहेस.”

“नाही हो. म्हणजे, हो. भांडी विचारायला आले होते.”

मग पुन्हा तो आवाज, नेहमीसारखाच करडा, फक्त नाक चोंदल्यासारखा.

“तुझी सावली पडलीये सगळ्या पानांवर. बाजूला हो. ऊन अडतंय.”

ओक्जू बाजूला झाली.